ओर्ताचे पाणी

उत्तर इटलीतील सरोवरांचा विषय निघाला की कोमो, गार्दा आणि माज्जोरे ही नावे आधी ओठांवर येतात आणि माज्जोरेच्या पश्चिमेला, मोत्तारोने पर्वताच्या आडोशाला असलेले ओर्ता सरोवर बहुधा राहूनच जाते. लांबी सुमारे तेरा किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त अडीच किलोमीटर, क्षेत्रफळ अठरा चौरस किलोमीटर आणि कमाल खोली १४३ मीटर असा त्याचा आटोपशीर विस्तार आहे. पूर्व काठावरून एक डोंगरी भूशिर पाण्यात शिरते. त्याच्या पायथ्याशी, टेकडी आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत ओर्ता सान जूलिओ हे हजार-बाराशे वस्तीचे गाव वसलेले आहे, आणि गावासमोर सुमारे चारशे मीटरांवर सान जूलिओ नावाचे इवलेसे बेट आहे. दगडी पाट्यांची छपरे, घडीव लोखंडाच्या कठड्यांच्या गॅलऱ्या, फिकट पिवळ्या आणि विटकरी गिलाव्याच्या भिंती आणि बेटावरचा मनोरा यांमुळे हे गाव छायाचित्रकारांचे आवडते झाले आहे, आणि पर्यटनाच्या पुस्तिकांतून त्याची ओळख काळाचा स्पर्श न झालेले स्थळ अशीच करून दिली जाते.

ही ओळख अपुरी आहे. हे गाव ज्या पाण्याकाठी उभे आहे, त्या पाण्यातील जीवसृष्टी १९२६ नंतरच्या अवघ्या दोन-तीन वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली आणि पुढची सुमारे साठ वर्षे ते सरोवर युरोपातील सर्वाधिक दूषित आम्लधर्मी सरोवरांपैकी एक होते. त्या साऱ्या काळात गावाच्या चौकातून दिसणारे दृश्य जसेच्या तसे सुंदर होते. पुढे शास्त्रज्ञांच्या निदानाने आणि हजारो टन चुनखडीच्या उपचाराने ते पाणी सावरले, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर एखाद्या सरोवराचे आम्ल उतरवल्याची जगात फार थोडी उदाहरणे आहेत. ओर्ताचा इतिहास आणि तेथील प्रेक्षणीय स्थळे समजून घ्यायची असतील, तर मनोरे आणि चित्रांबरोबर हे पाणीही वाचता आले पाहिजे.

आल्प्सकडे वाहणारे पाणी

आल्प्सच्या दक्षिण उतारावरील मोठी सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत साठलेली आहेत आणि त्यांतील जादा पाणी दक्षिणेला, पो नदीच्या मैदानाकडे वाहून जाते. ओर्ताचे पाणी मात्र उत्तरेच्या टोकाला, ओमेन्या गावातून निगोल्या नावाच्या छोट्या नदीवाटे आल्प्सच्या दिशेने बाहेर पडते. हिमनदी वितळून मागे हटली तेव्हा दक्षिण टोकाला, आजच्या गोत्सानो गावाजवळ, तिने वाहून आणलेल्या दगडमातीच्या राशी साचून राहिल्या. अशा राशींना भूगोलात हिमोढ म्हणतात. या हिमोढांनी दक्षिणेची वाट बुजवल्यामुळे पाण्याला उत्तरेची वाट शोधावी लागली, आणि निगोल्यातून स्त्रोना, स्त्रोनेतून तोचे, तोचेतून माज्जोरे सरोवर असा मोठा वळसा घेऊन ते अखेर तिचिनो नदीवाटे पो नदीला मिळते. ओमेन्याच्या रहिवाशांना या उलट्या प्रवाहाचा मोठा अभिमान आहे, आणि त्यांची नदी डोंगराकडे वाहते तसेच त्यांचे कायदेही त्यांचे तेच करतात, अशा अर्थाची म्हण तेथील बोलीत रूढ आहे.

या भूरचनेचे दोन परिणाम पुढच्या साऱ्या हकिगतीसाठी महत्त्वाचे आहेत. सरोवराला मिळणारे ओढे लहान असल्यामुळे त्यातील सगळे पाणी एकदा बदलायला सुमारे दहा वर्षे लागतात, म्हणजे जे काही त्यात पडते ते लवकर निघून जात नाही. शिवाय भोवतालचे डोंगर मुख्यतः ग्रॅनाइट आणि तत्सम स्फटिकी खडकांचे असून त्यांत चुन्याचा अंश फारच कमी आहे. चुनखडीच्या प्रदेशातील पाण्यात विरघळलेले कार्बोनेट क्षार आम्लाला थोपवून धरतात. ओर्ताच्या मृदू पाण्यात हे संरक्षण जन्मजातच तोकडे होते.

त्याच खडकांनी गावाला मात्र भरभरून दिले. पश्चिम काठावरील आल्झो येथील ग्रॅनाइट खांबांना आणि पायऱ्यांना उपयोगी पडला, छपरांना सहज चिरल्या जाणाऱ्या दगडाच्या जाड पाट्या मिळाल्या, आणि ओइरा येथील खाणींतून काळपट हिरवा सर्पेंटाइन दगड आला. या शेवटच्या दगडात घडवलेली येथील सर्वोत्तम कलाकृती पाहण्यासाठी बेटावर जावे लागते.

बेट आणि हिरवा दगड

बेटाची लांबी पावणेतीनशे मीटरांच्या आसपास आणि रुंदी त्याच्या निम्मी आहे. गावातील मुख्य चौकाच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या मोटारबोटी काही मिनिटांत तेथे पोहोचवतात. परंपरेनुसार चौथ्या शतकाच्या अखेरीस जूलिओ नावाचा ग्रीक धर्मप्रचारक आपल्या भावासह या भागात आला. बेटावर सापांचे आणि अजगरासारख्या भयंकर प्राण्यांचे राज्य असल्यामुळे एकही नावाडी त्याला नेण्यास तयार होईना, तेव्हा त्याने आपला झगा पाण्यावर अंथरला आणि त्यावरून बेट गाठून ते प्राणी हुसकावले, असे आख्यायिका सांगते. बेटावर त्याने बांधलेले चर्च हे त्याच्या आयुष्यातील शंभरावे आणि शेवटचे मानले जाते. जुन्या पंथांच्या ठाण्यावर नव्या धर्माची स्थापना झाल्याची आठवण अशा कथांतून जपलेली असते, आणि अजगराचे म्हणून दाखवले जाणारे एक मोठे हाड बेटावरच्या चर्चमध्ये आजही टांगलेले आहे.

सध्याची वास्तू मुळात बाराव्या शतकातील, म्हणजे रोमनेस्क काळातील आहे. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी आणि दगडात कोरलेली बळकट शिल्पे ही त्या शैलीची लक्षणे होत. आतील बहुतेक सजावट नंतरच्या शतकांची असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर आधी सोनेरी नक्षीवर आणि भित्तिचित्रांवर भिरभिरते, पण थोड्या वेळाने ती डाव्या बाजूच्या व्यासपीठावर येऊन थांबते. चर्चमध्ये धर्मग्रंथाचे वाचन करण्यासाठी खांबांवर उचललेल्या अशा मंचाला इटालियन भाषेत आंबोने म्हणतात. ओइराच्या सर्पेंटाइनमध्ये कोरलेला हा मंच चार खांबांवर उभा आहे, आणि त्याच्या बाह्यांगावर शुभवर्तमानकारांची प्रतीके असलेला गरुड, पंख असलेला सिंह आणि इतर आकृत्या यांबरोबर गरुडसिंह आणि मगर यांची झुंजही कोरलेली आहे. दगडाचा रंग दुरून काळा वाटतो, जवळ गेल्यावर त्यातील हिरवी झाक आणि शतकानुशतकांच्या स्पर्शाने आलेली चकाकी लक्षात येते. प्राण्यांच्या देहांतला ताण, घट्ट रुतलेल्या नख्या आणि वटारलेले डोळे इतके जिवंत आहेत की हा मंच उत्तर इटलीतील रोमनेस्क शिल्पकलेच्या श्रेष्ठ नमुन्यांत का गणला जातो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कोपऱ्यात तलवारीवर हात टेकून उभा असलेला पुरुष म्हणजे गुल्येल्मो दा वोल्पियानो असावा, असे काही अभ्यासक मानतात.

या गुल्येल्मोचा जन्म बेटाच्या राजकीय इतिहासाशी जोडलेला आहे. पाण्याने वेढलेले हे ठाणे मध्ययुगात तटबंदीचा किल्ला होते. इ.स. ९६२ मध्ये सम्राट ऑटो पहिला याने इटलीचा राजा बेरेंगारियो दुसरा याच्याविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा बेरेंगारियोची राणी विल्ला हिने याच बेटावर आश्रय घेतला, आणि वेढ्याअंती तिला शरण जावे लागले. त्याच वर्षी बेटावर जन्मलेला गुल्येल्मो पुढे फ्रान्समधील दिजोंच्या मठाचा अधिपती झाला आणि मठजीवनाच्या सुधारणेसाठी युरोपभर ख्याती पावला.

किल्ला आता उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी जी भव्य इमारत उभारण्यात आली, तीच आज बेटावरील सर्वांत मोठी वास्तू आहे. १९७३ मध्ये आन्ना मारिया कानोपी यांच्या नेतृत्वाखाली सहा बेनेडिक्टीन जोगिणी बेटावर राहायला आल्या आणि त्यांनी स्थापन केलेला मातेर एक्लेसिये हा मठ या इमारतीत नांदू लागला. संत बेनेडिक्टच्या नियमानुसार प्रार्थना आणि श्रम यांची दिवसभराची वाटणी ठरलेली असते. येथील जोगिणींच्या श्रमात जुन्या वस्त्रांचे जतन हे कौशल्याचे काम मोडते. धर्मविधींत वापरलेले रेशमी झगे, जरतारी पट्टे आणि भरतकाम यांचे विरलेले धागे एकेक करून सांधण्याला बैठक आणि तीक्ष्ण नजर लागते. बेटाला वळसा घालणाऱ्या एकुलत्या एका पायवाटेवर मौनाविषयीची लहान लहान वचने लिहिलेले फलक लावलेले आहेत, आणि बोटीतून गलबलत उतरलेले पर्यटक त्या वाटेवर आवाज आपोआप खाली आणतात.

बिशपांच्या छत्राखालचे स्वराज्य

बेटावरून परत फिरणारी बोट ज्या चौकाला लागते, तो पियात्सा मोत्ता तीन बाजूंनी घरांनी वेढलेला आणि चौथ्या बाजूने पाण्याला मोकळा आहे. चौकाच्या एका टोकाला खांबांवर उचललेली छोटीशी इमारत एकटीच उभी आहे. १५८२ मध्ये बांधलेल्या या इमारतीला पालात्सोत्तो म्हणतात. खालचा भाग चहूबाजूंनी उघडा असून त्याच्या सावलीत व्यवहार चालत असत, तर बाहेरून चढणाऱ्या जिन्याने वरच्या दालनात गेल्यावर परिसराच्या सभेची जागा होती. भिंतींवर कुलचिन्हांची पुसट झालेली चित्रे आणि छपरावर एक छोटा घंटामनोरा आहे.

ही सभा कोणाची होती, हे समजण्यासाठी येथील राज्यव्यवस्था पाहावी लागते. सरोवराच्या काठच्या गावांचा मिळून रिव्हिएरा दी सान जूलिओ नावाचा एक छोटा प्रदेश होता, आणि १२१९ च्या करारानंतर त्यावर नोव्हारा येथील बिशपांची राजसत्ता स्थिरावली. म्हणजे जो धर्माधिकारी तोच राजा. मात्र तो बहुतेक काळ दूर नोव्हाऱ्याला असे आणि प्रदेशाचा रोजचा कारभार स्थानिकांच्या सभेकडे, त्यांच्या लिखित नियमावलीनुसार चाले. रानातील लाकूड, चराई, मासेमारी आणि बाजार यांविषयीच्या तंट्यांचा निवाडा परिसरातच होई. मिलानच्या आणि नंतर स्पेनच्या सत्तेने भोवतालचा मुलूख व्यापला, तरी ही छोटी चौकट टिकून राहिली, आणि १७६७ मध्ये सावॉय घराण्याकडे प्रदेश सोपवला जाईपर्यंत तिचे वेगळेपण कायम होते. साडेपाचशे वर्षे टिकलेल्या या व्यवस्थेमुळेच इतक्या लहान गावाला राजधानीचा डौल लाभला आहे. मुख्य गल्लीतील सरदारी वाडे, त्यांच्या आतले खांबांचे चौक आणि चर्चकडे चढत जाणारा रुंद दगडी रस्ता यांचा खुलासा निव्वळ वस्तीच्या आकड्यावरून होत नाही. या चढावर लाकडी तुळयांच्या माथ्यावर चार चिमुकल्या खिडक्या असलेले एक जुने घर आहे, आणि त्या खिडक्यांमुळे लोक त्याला बुटक्यांचे घर म्हणतात.

चौकातला बुधवारचा आठवडी बाजार शतकानुशतकांचा आहे. पहाटे माल लावून दुपारपर्यंत पाले उठतात, आणि मग तीच फरसबंदी हॉटेलांच्या टेबलांनी भरून जाते.

जाळीतून पाहायची टेकडी

गावाच्या पाठीशी असलेल्या टेकडीवर, सरोवराच्या पातळीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, संत फ्रान्सिसच्या जीवनावरील वीस छोट्या मंदिरांची मालिका दाट झाडीत उभी आहे. अशा टेकडीला साक्रो मोंते, म्हणजे पवित्र डोंगर, म्हणतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, जेरुसलेमची यात्रा धोक्याची झाली असताना, बेर्नार्दिनो काइमी या फ्रान्सिस्कन साधूने जवळच्या वाराल्लो येथे त्या पवित्र नगरीची प्रतिकृती उभारायला घेतली आणि या प्रकाराची सुरुवात झाली. पुढे प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर देताना कॅथलिक चर्चने श्रद्धेला दृश्यरूप देण्यावर भर दिला आणि आल्प्सच्या पायथ्याशी असे आणखी डोंगर घडत गेले. पिएमोंते आणि लोंबार्दी या प्रांतांतील अशा नऊ स्थळांना २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी ओर्ताचा डोंगर येशू किंवा मरिया यांच्याऐवजी संपूर्णपणे एका संताला वाहिलेला आहे.

काम १५९० च्या सुमारास सुरू झाले. आराखडा क्लेतो दा कास्तेल्लेत्तो तिचिनो या कापुचिन साधूचा होता. तो वास्तुविद्येचे शिक्षण घेतलेला असल्यामुळे त्याने प्रत्येक मंदिराला वेगळा आकार दिला, कोणाला गोल, कोणाला चौकोनी, कोणाला पुढे खांबांचा सोपा, आणि झाडीतून फिरणाऱ्या वाटेच्या प्रत्येक वळणावर नवे दर्शन घडेल अशी मांडणी केली. १५९३ पासून नोव्हाऱ्याचे बिशप कार्लो बास्कापे यांनी कामावर जातीने लक्ष ठेवले. कोणता प्रसंग कसा दाखवावा, यात्रेकरूने कोठे उभे राहावे आणि त्याला काय दिसावे, यांविषयी त्यांचा आग्रह काटेकोर होता. क्रिस्तोफोरो प्रेस्तिनारी, दियोनीजी बुस्सोला यांच्यासारखे मूर्तिकार आणि मोरात्सोने यांच्यासारखे चित्रकार यांच्या हातून शेकडो मूर्ती आणि चित्रे घडत गेली, आणि हे काम दोन शतके चालू राहिल्यामुळे एकाच वाटेवरून चालताना कलेच्या शैली बदलत जाताना दिसतात.

या मंदिरांत प्रवेश करायचा नसतो. यात्रेकरू बाहेरच्या सोप्यात थांबतो आणि लाकडी किंवा लोखंडी जाळीतून आत पाहतो. आतला अंधार डोळ्यांना सरावला की भाजलेल्या मातीच्या, रंगवलेल्या, माणसाच्या उंचीच्या मूर्ती एकेक करून उमटू लागतात. पुढे गुडघे टेकलेला साधू, मागे कुजबुजणारी मंडळी, कडेला कुत्र्याला आवरणारे मूल असा घोळका भिंतीपर्यंत जातो, आणि मूर्ती संपून चित्रातील माणसे कोठे सुरू झाली हे चटकन उमगत नाही. फ्रान्सिस इजिप्तच्या सुलतानासमोर उभा असल्याचा प्रसंग यात्रेकरूंच्या विशेष कुतूहलाचा ठरला आहे, कारण पगडीधारी दरबाऱ्यांची गर्दी घडवताना मूर्तिकाराने दूरदेशच्या वेशभूषेचा मनसोक्त थाट उभा केला आहे. पाहणाऱ्याला एक जागा नेमून देणे आणि त्या जागेवरून दिसणारे दृश्य परिपूर्ण करणे, हे या कलेचे तंत्र आहे. मे १८८२ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शे आणि त्यांची मैत्रीण लू सालोमे यांनी या टेकडीवर एकत्र घालवलेली दुपार नीत्शेच्या चरित्रकारांनी वारंवार चर्चिली आहे. आज झाडीसकट सारी टेकडी संरक्षित निसर्गक्षेत्रात मोडते.

निळा द्रव आणि आम्ल झालेले सरोवर

टेकडीच्या कठड्यावरून दक्षिणेकडे पाहिले की सरोवराचे ते टोक दिसते, जेथे १९२६ मध्ये या पाण्याचे भवितव्य पालटले. रेल्वे, मनुष्यबळ आणि मुबलक मृदू पाणी यांची सोय पाहून गोत्सानो येथे बेम्बर्ग कंपनीने कृत्रिम रेशमाचा कारखाना काढला. कापसाच्या बीला चिकटून राहणारे आखूड तंतू अमोनिया आणि तांब्याचा क्षार यांच्या गडद निळ्या द्रावणात विरघळवायचे, तो दाट द्रव बारीक छिद्रांतून दाबून धागा काढायचा आणि मग पाण्याने व आम्लाने धुऊन त्यातील तांबे व अमोनिया काढून टाकायचे, अशी ही कुपरामोनियम पद्धत होती. धाग्याला सुरेख झळाळी येई, आणि धुण्याचे पाणी सरोवरात जाई.

तांबे वनस्पतीप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांना, अत्यल्प प्रमाणातही मारक असते. प्लवक मेले की त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी उपाशी मरतात, आणि त्यांच्यामागून मासे. मिलान विद्यापीठातील प्राध्यापिका रीना मोंती या इटलीतील सरोवरविज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांपैकी होत्या. ओर्तातील जीवसृष्टी क्रमाक्रमाने कशी संपत गेली, याविषयीचा त्यांचा अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे निदान अगदी आरंभीच झालेले होते आणि तरीही कारखान्याचे सांडपाणी वाहत राहिले. काठावरून पाहणाऱ्याला या मरणाची वर्दी मिळणे कठीण होते, कारण प्लवक नाहीसे झाले की पाणी गढूळ होण्याऐवजी उलट अधिक नितळ दिसू लागते.

अमोनियाचा परिणाम सावकाश झाला आणि अधिक खोलवर गेला. पाण्यातील जीवाणू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्ची पडून आम्ल तयार होते. सरोवराच्या मृदू पाण्यात आम्ल थोपवणारे क्षार मुळातच थोडे होते, ते हळूहळू संपले आणि पाण्याचे आम्लमान, म्हणजे पीएच, चारच्या आसपास घसरले. सातला पाणी उदासीन असते आणि खालचा प्रत्येक अंक दसपट आम्लता दर्शवतो, हे ध्यानात घेतले की या घसरणीचे गांभीर्य कळते. आम्लधर्मी पाण्यात धातू गाळात न बसता विरघळलेले राहतात, त्यामुळे तांब्याचे विषही कमी होईना. पुढे काठावरील नळ, तोट्या आणि भांडी यांना मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून क्रोमियम, निकेल आणि जस्त यांची त्यात भर पडत गेली.

हे उद्योग परिसराच्या सुबत्तेचा कणा होते, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. ओमेन्या आणि त्याच्या भोवतालच्या गावांतून घडलेली धातूची भांडी जगभर गेली. आल्फोन्सो बियालेत्ती यांची अष्टकोनी मोका कॉफीदाणी १९३३ मध्ये याच भागात जन्माला आली, आणि आलेस्सी हे नाव गृहोपयोगी वस्तूंच्या देखण्या घडणीसाठी प्रसिद्ध झाले. ज्या घरांची चूल कारखान्यांवर पेटत होती, त्या घरांना सरोवराच्या वतीने तक्रार करणे सोपे नव्हते. मुलांचे लाडके लेखक जान्नी रोदारी १९२० मध्ये ओमेन्यालाच जन्मले. बॅरन लांबेर्तो या म्हाताऱ्या उमरावाविषयीची त्यांची कादंबरी १९७८ मध्ये आली. बेटावर राहणाऱ्या या म्हाताऱ्याच्या नावाचा अखंड उच्चार चालू ठेवला जातो आणि त्यामुळे तो पुन्हा तरुण होतो, अशी तिची कल्पना आहे. ती लिहिली गेली तेव्हा बेटाभोवतीचे पाणी आम्लधर्मी आणि जवळजवळ निर्जीव होते.

चुनखडीचा उपचार

तांबे परत मिळवणारी यंत्रणा कारखान्यात १९५८ मध्ये बसली आणि तांब्याचा ओघ घटला. अमोनियाचा बंदोबस्त मात्र जलप्रदूषणविषयक कायदा झाल्यानंतर, १९८० च्या सुमारास झाला. ओघ थांबला तरी सरोवरात साठलेले अमोनिया आम्ल निर्माण करतच होते, आणि पाणी बदलण्याचा वेग इतका मंद होता की आपोआप सुधारणा होण्यासाठी फार काळ थांबावे लागले असते. माज्जोरेकाठच्या पाल्लान्त्सा येथे १९३८ मध्ये स्थापन झालेल्या जलजीवशास्त्र संस्थेने ओर्ताच्या पाण्याची मोजमापे दशकानुदशके जपून ठेवली होती. किती आम्ल शिल्लक आहे, किती अमोनिया अजून आम्ल तयार करील आणि ते शमवायला किती चुनखडी लागेल, याचा हिशेब त्या नोंदींमुळेच मांडता आला.

उपचारासाठी चुनखडी निवडण्यामागे विचार होता. भाजलेला चुना झपाट्याने काम करतो, पण मात्रा चुकली तर पाणी एकदम अल्कधर्मी होऊन नवे संकट ओढवते. चुनखडीची बारीक पूड आम्ल शमवते आणि आपले काम झाल्यावर पाण्याला फार पुढे ढकलत नाही. मे १९८९ ते जून १९९० या काळात पाण्यात कालवलेली ही पूड बोटीतून सरोवराच्या पृष्ठभागावर पसरण्यात आली, आणि अशा रीतीने १०,९०० टन कॅल्शियम कार्बोनेट सरोवरात गेले. आम्लता उतरताच जीवाणूंना पुन्हा जोम आला आणि त्यांनी उरलेले अमोनिया वेगाने संपवले. धातू विरघळलेल्या अवस्थेतून सुटून गाळात बसले. त्यानंतर प्लवकांच्या जाती टप्प्याटप्प्याने परतू लागल्या आणि माशांचा वावर पुन्हा सुरू झाला.

या सगळ्याचा दाखला तळाच्या गाळात थरावर थर साठलेला आहे. शास्त्रज्ञांनी नळीने काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यांत डायटम, म्हणजे वाळूसारख्या सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शेवाळे, यांची कवचे मिळतात. प्रदूषणाच्या वर्षांतील थरांत ही कवचे आकाराने लहान झालेली आढळतात, कारण विषारी पाण्यात लहान अंगाच्या जीवांचाच निभाव लागला. त्याच गाळात तांबेही आहे. ते सध्या तळाशी स्थिर असले तरी तेथून गेलेले नाही, आणि तळावर राहणाऱ्या जीवांचे पुनरागमन पृष्ठभागाजवळच्या जीवांपेक्षा संथ आहे. तळाशी राहून पाणी गाळणारे शिंपले पुन्हा रुजवण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञांनी हाती घेतले आहेत, तर काठावरील ग्रामसंस्था, उद्योग आणि नागरिकांच्या संघटना यांनी सरोवरकरार नावाच्या चौकटीत निगराणीची जबाबदारी वाटून घेतली आहे. करारावर सह्या झाल्या म्हणून पाणी सुधारत नाही, पण मोजणी सतत चालू राहील याची हमी त्यातून मिळते, आणि ओर्ताच्या अनुभवात मोजणीचे मोल सर्वांत मोठे ठरले आहे.

प्रेक्षणीय स्थळाची रोजची घडी

आज गावाचा प्रपंच मुख्यतः पर्यटनावर चालतो. जुन्या वस्तीत मोटारींना मज्जाव असल्यामुळे वाहने टेकडीच्या बाजूला ठेवून चालत उतरावे लागते, आणि सामानाची ने-आण गल्लीत मावतील एवढ्याच छोट्या गाड्यांनी होते. वाटेत उंच मनोऱ्याची, नालाकार कमानी आणि नाजूक गिलावकामाने नटलेली व्हिल्ला क्रेस्पी लागते. क्रिस्तोफोरो बेनिन्यो क्रेस्पी या कापड-कारखानदाराने १८७९ मध्ये पौर्वात्य वळणावर बांधवून घेतलेला हा बंगला आता नामांकित हॉटेल झाला आहे. वसंतापासून शरदापर्यंत लग्नांची, संगीताच्या मैफलींची आणि दिवसभराच्या सहलींची वर्दळ असते, आणि हिवाळ्यात गाव पुन्हा आपल्या हजारभर माणसांचे होते. घरे उन्हाळी वास्तव्यासाठी विकली जाऊन कायमच्या रहिवाशांची संख्या घटत जाणे, ही इटलीतील अनेक सुंदर गावांची चिंता ओर्तालाही लागू आहे.

या गावात येणाऱ्याने पालात्सोत्तो, आंबोने आणि टेकडीवरील मंदिरे अवश्य पाहावीत, पण धक्क्यावर उभे राहून पाण्यात काय हलते आहे, हेही पाहावे. एखाद्या जागेचे सौंदर्य तिच्या आरोग्याचा पुरावा मानण्याची सवय किती फसवी आहे, हे ओर्ताने साठ वर्षांच्या किमतीवर दाखवून दिले. नितळ दिसणाऱ्या पाण्याची जाणकारांनी मोजणी केली म्हणून रोग कळला, निष्कर्ष गैरसोयीचे असतानाही नोंदी जपल्या गेल्या म्हणून उपचार ठरवता आला, आणि कायद्याने सांडपाणी रोखले म्हणूनच चुनखडीचा उपयोग झाला. या तिन्हींतली एक जरी गोष्ट नसती, तरी छायाचित्रांतले ओर्ता आजच्याइतकेच देखणे राहिले असते आणि सरोवर मात्र मेलेलेच असते. वारसा म्हणून जपायच्या गोष्टींत चर्च आणि मूर्तींच्या जोडीला पाण्याच्या नोंदवह्यांनाही जागा असली पाहिजे, आणि ती का असली पाहिजे हे पाहण्यासाठी ओर्तासारखे दुसरे ठिकाण शोधूनही सापडणे कठीण आहे.